परवा म्हणजे शुक्रवार

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोटं बोलत होतो. म्हणजे नेहमीसारखंच. शनिवारची सकाळ, हैदराबादेत गौलीगुड्यातलं आमच्या घराखालचं इराणी हॉटेल, आणि मी चार ओळखीच्यांना सांगत होतो की तरुणपणी आमच्या बँडनं गच्चीवर असा काही सूर लावला की समोरच्या बस अड्ड्यातून तीन बसगाड्या वेळेआधी सुटल्या, आणि त्यातली एक अजून परत आलेली नाही. तेवढ्यात फोन वाजला. शैलावहिनी होत्या, मुकुंदची बायको. "भाऊजी, हे सकाळी उठलेच नाहीत..." एवढंच म्हणाल्या. पुढे कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. मी तसाच उभा. चहा पुढ्यात, बशीत उस्मानिया बिस्किट. आणि त्या चौघांतला एकजण, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, विचारतो, "फिर क्या हुआ, साब? वो बस का?"

त्या बसचं पुढे काय झालं ते मला त्या दिवसापासून सांगता आलेलं नाही.

मुकुंद वकिलांच्या घराण्यातला. आजोबा वकील, वडील वकील, बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरात माणसांपेक्षा कायद्याची पुस्तकं जास्त. हा मात्र ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचा, आणि संध्याकाळी माडीवरच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार. घरात सगळे त्याला मुका म्हणत, आणि होताही तसाच, दिवसाला मोजून वीस वाक्यं. त्यातली अठरा वर्गात. उरलेली दोन माझ्या वाट्याला यायची, आणि ती बहुधा मला गप्प करण्यासाठी असायची. अशी आमची पस्तीस वर्षांची दोस्ती. मी बोलायचं, त्यानं तारा लावायच्या.

माझी पहिली गिटार घ्यायला आम्ही गेलो ते सुलतान बाजारात, साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. जब्बार सेठचं दुकान. खाली तबले, मध्ये हार्मोनियम, वर भिंतीला गिटारी टांगलेल्या. मी बघताक्षणी एका लाल गिटारीवर भाळलो. तिला दोन शिंगं होती, तेवढं मला पुरेसं होतं. ॲम्पवरचं डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज फाडून गुरगुरवणारं, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि हात मारला. खालचे तबले आपोआप वाजू लागले, साड्यांच्या इस्त्र्या मोडल्या, रस्त्यावरच्या एका म्हशीनं त्या दिवसापासून दूध द्यायचं बंद केलं. मुकुंद बाकावर बसून होता. मी विचारलं, कशी आहे? तो म्हणाला, घरी जाऊन बघू. घरी त्यानं डिस्टॉर्शन बंद केलं आणि एकेक तार हळू छेडली. सहा तारा, सहा गावांना निघालेल्या. गिटारची मानच वाकडी होती. गुरगुराटात ते झाकून गेलं होतं.

"दिग्या," तो म्हणाला, "डिस्टॉर्शनवर कुठलीही गिटार वाघ वाटते. आहे काय, ते क्लीनवर कळतं." आणि मग दिवसाच्या कोट्यातलं दुसरं वाक्य त्यानं खर्च केलं. "तू पण तसलाच. तुझं सगळं बोलणं डिस्टॉर्शनवर. एकदा तरी क्लीनवर बोलून बघ."

मी हसलो. पस्तीस वर्षं हसत राहिलो.

ती लाल गिटार लग्नाच्या वेळी विकली. (लोकांना सांगतो, एका मोठ्या कलावंतानं पाया पडून मागून नेली. नेली ती शेजारच्या माणसानं, पोराला खेळायला.) मागच्या वर्षी मला पुन्हा खुमखुमी आली. मुकुंदला म्हटलं, एकच गिटार हवी. राक्षसासारखी गर्जायलाही पाहिजे आणि देवघरातल्या घंटेसारखी स्वच्छही वाजायला पाहिजे, आणि किंमत माझ्यासारख्याला झेपेलशी. मला वाटलं, तो हसेल. त्यानं मान हलवली, आणि पुढच्या रविवारपासून कामाला लागला.

त्याची गिटार बघायची रीत पाहण्यासारखी होती. ॲम्पची वायर जोडायचीच नाही आधी. गिटार मांडीवर घ्यायची, वरच्या शिंगावर हनुवटी टेकायची आणि डोळे मिटून हळू वाजवायचं. आवाज कानानं न ऐकता जबड्याच्या हाडानं ऐकायचा. मग एक डोळा मिटून, कॅरमच्या सोंगटीवर नेम धरावा तसं, मान सरळ आहे का ते बघायचं. मानेवरच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला टोचतात का, ते बघायचं. एवढ्यातून उतरली तरच वायर जोडायची, आणि तीसुद्धा आधी स्वच्छ आवाजावर. जड वाजवायला पुलाजवळचा, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथला, आवाज उचलणारा पिकप जाड, दुहेरी हवा, स्वच्छ वाजवायला मानेजवळचा एकेरी, आणि एका खटक्यात इकडून तिकडे जाता आलं पाहिजे. पूल पक्का बसवलेला हवा. स्वस्तातला हलता पूल घेतला की गाणं पाच मिनिटं आणि तारा लावणं पंधरा, असं त्याचं गणित. असे किती रविवार गेले. माझ्या मावशीनं माझ्यासाठी स्थळं नाकारली नव्हती तेवढ्या गिटारी त्यानं नाकारल्या. जब्बार सेठ म्हणायचे, "प्रोफेसर साब, गिटार ले रहे या दामाद?"

आता एक शब्द सांगायला हवा. हैदराबादेत "परसों" म्हणजे आज सोडून कुठलाही दिवस. परसों बारिश हुई म्हणजे मागच्या पावसाळ्यात. परसों शादी हुई म्हणजे आता नातवंडं आहेत. आम्ही इथले मराठी लोक, पिढ्यान्पिढ्या ह्याच पाण्यावर वाढलेले, आमचा "परवा"ही तसाच सैल झालेला. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आम्ही परवा जेवायला बोलावतो, ते बिचारे खरंच तिसऱ्या दिवशी दारात हजर होतात आणि आमच्याकडे वरणाला फोडणीसुद्धा नसते. मुकुंदही पस्तीस वर्षं मला परवाच म्हणत आला. परवा पुस्तक परत देतो, परवा येतो, परवा बोलू.

त्या बुधवारी त्याचा फोन आला. "मिळाली. सेठनं बाजूला ठेवलीय. परवा ये दुकानात, अकराला." मी म्हटलं, हौ. आणि ठेवून दिला. अकराला म्हणाला होता तो. परवाला कधी वेळ असते का? ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. शुक्रवारी अकरा वाजता मी घरी चटईवर बसून मटार सोलत होतो. बाराच्या सुमारास त्याचा मिस्ड कॉल दिसला. हात मटारचे होते. म्हटलं, करू परवा.

शनिवारी बरकतपुऱ्याला पोचलो तेव्हा कळलं की सोमवारी त्याला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. छातीचं काहीतरी निघालं होतं, कुणाला सांगू नका म्हणाला होता. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, त्याआधी तुमची गिटार घेऊन टाकायची होती त्यांना, काल त्यासाठीच दुकानात गेले होते. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे वळली. कुणा काकांनी विचारलं, तुम्ही होता ना बरोबर?

मी म्हटलं, हौ.

एवढंच. पण माझं खोटं कधी एका अक्षरावर थांबलंय? तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं भोवती बसली आणि मी सुरू झालो. शुक्रवारी आम्ही दुकानात दोन तास होतो. मुकुंदनं गिटार हातात घेतली, हनुवटी टेकली, आणि असं वाजवलं की खाली साड्या घेणाऱ्या बायका जिना चढून वर आल्या. जब्बार सेठनं डोळे पुसले. आम्ही दोघांनी एका कपातून चहा घेतला. तो म्हणाला, दिग्या, आता तू वाजव... लोक रडले. मीही रडलो, खरे अश्रू. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत गेल्या.

आणखी आठ दिवसांनी मी सुलतान बाजारचा जिना चढलो. जब्बार सेठ मला बघून उठले. "परसों आने वाले थे ना साब आप," ते म्हणाले. त्यांच्या परसोंला तीन आठवडे झाले होते. मग त्यांनी मी न विचारता सांगितलं. प्रोफेसर साब साडेदहालाच आले. जिन्यावर दोनदा थांबले. गिटारीच्या तारा लावल्या, पुसली, पुन्हा लावल्या. थोड्या थोड्या वेळानं खिडकीतून खाली बघत होते. चहा मागवला तर म्हणाले, दोस्त येऊ दे, मग. एक वाजता उठले, आणि दोस्त आला की ही त्याला द्या, म्हणाले.

ती गिटार साधी होती. फिकट निळी, बिनशिंगाची. तारांखाली कागदाची चिठ्ठी, गणिताच्या मास्तरचं टपोरं अक्षर. "खटका पुलाकडे: जड. खटका मानेकडे: स्वच्छ. आधी स्वच्छ."

मी ती पिशवीत घालून, खांद्याला लावून तसाच बरकतपुऱ्याला गेलो. वहिनी माडीवरच्या खोलीत एकट्याच होत्या. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, "वहिनी, मी त्या दिवशी गेलो नव्हतो. मी घरी होतो. त्यांचा फोन आला तोही मी उचलला नाही." पुढे काही जोडावंसं वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. आल्यावर सांगितलं त्यांनी. हसत होते. म्हणाले, दिग्याला परवा म्हटलं, माझंच चुकलं, वार सांगायला हवा होता."

मी विचारलं, मग तेराव्याला तुम्ही बोलला का नाहीत, सगळ्यांदेखत?

त्यांनी गिटारीच्या पिशवीवरून हात फिरवला. "तुम्ही सांगत होता," त्या म्हणाल्या, "तेवढा वेळ ते दुकानात एकटे नव्हते, भाऊजी."

मी जिना कसा उतरलो ते सांगणार नाही. सांगायला लागलो तर त्यात म्हैस येईल.

गिटार आता माझ्या खोलीत खिडकीशेजारी उभी आहे. ॲम्प अजून घेतलेला नाही. सकाळी मी ती मांडीवर घेतो, शिंग नाही तर कडेवरच हनुवटी टेकतो आणि सहाही तारा एकेकदा छेडतो. खटका मानेकडे, त्यानं ठेवला होता तिथेच. ह्या तारा त्या शुक्रवारी खिडकीतून खाली बघत बघत त्यानं लावलेल्या आहेत. पण तारच ती, रोज केसभर उतरते. पहिले काही दिवस सूर त्याचा होता. मग जाड तार खाली सरकली, मग तिच्या शेजारची. आज सकाळी ऐकलं तर त्याच्या लावणीतली एकच, मधली एक तार बऱ्यापैकी जागेवर राहिली आहे. बाकीच्या आपापल्या गावांना निघाल्या. खुंट्यांना मी हात लावलेला नाही. एकदा पिरगाळली की ती माझी होईल.

बायको दारात येऊन ऐकते आणि विचारते, बेसूर झालीय हो, लावणार कधी? तोंडात एक शब्द येतो. मी तो गिळतो, आणि मधली तार पुन्हा एकदा छेडून बघतो.