काचेच्या सॉनातलं तिसरं सत्र

आमच्या कॅनडातल्या थंडर बेमध्ये आर्व्हो निस्कानेनला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, कारण हिवाळ्यात पहाटे ज्याच्या त्याच्या दारात बर्फाचा ढीग लोटून जातो तो हाच. नगरपालिकेचा बर्फ हटवायचा ट्रक तो चालवतो. रस्ता साफ होतो आणि लोकांच्या गाड्यांची वाट बुजते, मग लोक फावडी घेऊन त्याच्या नावानं खडे फोडत बाहेर येतात. आर्व्होनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. या गावासाठी आपण याहून फार मोठं काम करतो, फक्त ते कोणाला ठाऊक नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

काम असं, की आमच्या बर्फावरच्या हॉकी संघाचा, म्हणजे स्टर्जन्सचा सामना असला की आर्व्हो पहिली दोन सत्रं बायकोशेजारी टीव्हीसमोर बसून बघायचा. तिसरं, शेवटचं सत्र सुरू व्हायच्या आत टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि परसातल्या सॉनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, जाऊन बसायचा. रेडिओ नाही, फोन नाही. तापलेल्या दगडांवर पळीपळीनं पाणी ओतायचं, वाफेत निथळायचं आणि वाट बघायची. सामना संपला की हेल्मी, त्याची बायको, मागच्या दारानं बाहेर यायची. जिंकले असले तर सॉनाच्या दारावर दोन थापा. हरले असले तर अवाक्षर न बोलता पायरीवर कॉफीचा पेला ठेवून परत जायची.

हे खूळ सुरू झालं ते त्यांचं नवं लग्न झालं होतं तेव्हा. करंडकाचा सामना होता, स्टर्जन्स तीन गोलांनी मागे होते, आणि आर्व्हो टीव्हीला चप्पल फेकून मारून तणतणत सॉनात गेला होता. बाहेर आला तर रस्त्यावर भोंगे वाजत होते. आपण नजर हटवली आणि पोरं जिंकली, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यानंतर स्टर्जन्सना करंडक काही मिळाला नाही, तेव्हा याचं खूळ आपोआप उतरलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाव नको. जिंकले की ते सॉनामुळे, आणि हरले की कधी लाकूड ओलं होतं, कधी शेजारच्या गॉर्ड पेलेटिएचा रेडिओ भिंतीतून ऐकू आला होता. एकदा तर सॉनाच्या खिडकीतून गॉर्डचा चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्यावरून गोल कळला, म्हणून हरले. दुसऱ्या दिवशी आर्व्होनं त्या खिडकीला फळी ठोकली.

गॉर्ड बस चालवतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. तरी हे गुपित कित्येक वर्षं आमच्या गल्लीच्या बाहेर गेलं नव्हतं, कारण गल्लीबाहेर कोणाला त्याची पडलेली नव्हती.

मग संघ विकला गेला. नव्या मालकांना गावात कोणी पाहिलं नाही, त्यांनी टोरोंटोहून कीगन नावाचा एक गुळगुळीत तरुण पाठवून दिला. त्याच्या कार्डावर लिहिलं होतं, चाहता-अनुभव प्रमुख. इतकी वर्षं आम्ही भाबडी माणसं समजत होतो की आपण सामना बघतो. आता कळलं की आपण अनुभव घेतो. बघता बघता सगळ्याला प्रायोजक मिळाला. खेळाडूला शिक्षा झाली तर तो ज्या बाकावर बसतो तो बाक एका दातांच्या डॉक्टरांचा. मैदानावरचा बर्फ गुळगुळीत करणारी गाडी अंत्यविधी करणाऱ्या कंपनीची. एक जुना गोलरक्षक वारला, त्याच्यासाठी मिनिटभर शांतता पाळली, तर ती शांतता गाद्यांच्या दुकानातर्फे. दर हंगामात जर्सीचा हिरवा रंग इतका हळूच बदलायचा की जुनी घालणारा उठून दिसावा पण बदललं काय ते सांगता येऊ नये. आम्ही शिव्या देत रांगेत उभे राहायचो आणि नवी घ्यायचो. संघाचं नाव माशाचं, म्हणून गॉर्डनं तर फोमची माशाची टोपीही घेतली, आणि ती घालून बस चालवली म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली.

कीगनला चाहते हवे होते, पण असेतसे नाही, गोष्ट असलेले. गॉर्डनं आर्व्होची गोष्ट त्याला पोचवली. मग एका रविवारी कीगन आर्व्होच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, हेल्मीनं भट्टीतला पॅनकेक त्याच्या पुढ्यात ठेवला, आणि सॉनाची हकीकत ऐकताना त्याचा घास तोंडातच राहिला.

"म्हणजे तुम्ही इतक्या वर्षांत तिसरं सत्र एकदाही पाहिलं नाही?"

"नाही," आर्व्हो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला हे विचारत होतं.

कीगन म्हणाला की याला निष्ठा म्हणतात, आणि अशा निष्ठेसाठी ब्रँड जीव टाकतात. हेल्मी विणकामातून मान वर न करता म्हणाली की तिसरं सत्र ती एकटी बघते, त्याचं काय म्हणतात? कीगननं ते लिहून घेतलं आणि तुमचं आपण पुढच्या हंगामात बघू म्हणाला. आर्व्होला हे ऐकूच आलं नाही. तो एव्हाना हरभऱ्याच्या झाडावर बराच वर चढला होता.

महिन्याभरात त्याचं तोंड शहरातल्या बसांवर झळकलं, गॉर्डच्या बससकट. खाली लिहिलेलं, 'आर्व्हो बघत नाही, म्हणून आपण जिंकतो.' त्याखाली ग्लेशिओ नावाच्या डिओडरंटची निळी बाटली आणि तिचा सवाल, 'घाम? कुठला घाम?' बाजारात आर्व्हो टॉवेल आले. तिसरं सत्र लागलं की सगळं स्टेडियम टॉवेल खांद्यावर टाकायचं. आणि नशीब बघा, त्या वर्षी स्टर्जन्स खरोखरच जिंकत सुटले. ज्या बायका पहाटे फावडं घेऊन त्याचा उद्धार करायच्या त्याच आता ॲपल पाय, ब्लूबेरी पाय भाजून त्याच्या घरी आणू लागल्या. चर्चमध्ये त्याला पहिल्या बाकावर जागा. आर्व्हो भाव खाऊ लागला. "गेल्या शनिवारी थोडक्यात वाचलो, पाणी जरा कमी ओतलं होतं," असं तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की डॉक्टरसुद्धा मान हलवायचे.

संघ करंडकाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला, समोर केनोराचा संघ, आणि सामना आमच्याच गावात. तेव्हा कीगननं आपला पत्ता टाकला. सॉना स्टेडियममध्ये आणायचा. गोलजाळीच्या मागे काचेची खोली, तीत आर्व्हो, आणि मोठ्या पडद्यावर तो सगळ्या गावाला दिसणार.

आर्व्हो हबकला. काचेतून बाहेरचं सगळं दिसेल की, म्हणाला. आपण पाहिलं आणि पोरं हरली तर या गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

"अहो, वाफ असेल ना. तुम्हाला काही दिसणार नाही, फक्त आम्हाला तुम्ही दिसाल, धूसर धूसर. फार सुंदर दिसेल ते."

हेल्मीनं त्या रात्री त्याला जाऊ नको म्हणून सांगितलं. घरच्या सॉनाला काय धाड भरलीय, म्हणाली. पण माणसानं इतकी वर्षं गुपचूप त्याग केल्यावर शेवटी एकदा तो लोकांनी डोळ्यांनी पाहावा असं वाटणं साहजिक आहे. आर्व्होला तसं फार वाटलं.

सामन्याच्या दिवशी दोन सत्रं त्यानं गॉर्डशेजारी बसून पाहिली. दोन्ही संघ बरोबरीत होते. मग भोंगा वाजला, लोकांनी टॉवेल खांद्यावर घेतले, आणि हिरव्या चड्डीतला आर्व्हो हात हलवत काचेच्या खोलीत शिरला. आत लाकडी बाक होता, पाण्याची बादली आणि पळी होती, दगडांची शेगडी होती. थंडी मात्र बाहेर होती तितकीच. त्यानं दगडांवर पळीभर पाणी ओतलं. सूं नाही, वाफ नाही. दगडांखाली फट् असा आवाज झाला आणि तिथला लाल दिवा विझला. शेगडी ती एवढीच होती, एक दिवा.

काचेपलीकडे कीगन कानाला यंत्र लावून उभा होता. आर्व्होनं दार किलकिलं करून विचारलं, हा काय चावटपणा आहे?

"ग्लेशिओवाल्यांनी ऐन वेळी आक्षेप घेतला हो. खोलीचे पैसे त्यांचे, तीत माणूस घामानं निथळताना दिसला तर कसं दिसेल?"

"अरे, सॉनात घाम नाही येणार तर काय येणार?"

"अनुभव," कीगन म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

आर्व्होनं डोळे गच्च मिटले. हाडं गोठत होती, दात वाजत होते, आणि मोठ्या पडद्यावर ते वाजणारे दात बघून लोकांना वाटलं याच्या अंगात काहीतरी आलंय, त्यांनी आणखी जोरात त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली. त्यानं बराच वेळ तग धरला, खोटं कशाला बोला. पण वाफ डोळ्यांना बाहेरून झाकते. आतून झाकून ठेवायचं म्हणजे फार कठीण. त्याच्या अगदी समोर बर्फावर स्केट खरखरले, काचेवर कोणीतरी धाडकन आदळलं, सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. आर्व्होनं एक डोळा उघडला.

तो पुन्हा मिटला नाही. थोड्या वेळानं दुसराही उघडला. आमचा बावीस नंबरचा पोरगा चकती घेऊन एकटाच पुढे निघाला होता, दमलेला, तोंड उघडं, आणि तरी थांबत नव्हता. पहिल्या दोन सत्रांत पोरं अशी खेळत नाहीत. शेवटी शेवटी, अंगात काही उरलेलं नसताना, माणसं अशी खेळतात हे आर्व्होला माहीतच नव्हतं. आपण नजर हटवायला हवी हे तो विसरला, थंडी विसरला, कॅमेरा विसरला. नाक काचेला लावून तो लहान मुलासारखा बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर, अगदी हाताच्या अंतरावर, चकती जाळीत गेली.

स्टर्जन्स जिंकले. लोकांनी काचेची खोली घेरली, आर्व्होला बाहेर काढून खांद्यावर घेतलं. कीगननं त्याच्या तोंडापुढे माइक धरला आणि या ऐतिहासिक क्षणी कसं वाटतंय ते विचारलं.

"थंडी वाजतेय," आर्व्हो म्हणाला.

घरी जाताना गॉर्डच्या गाडीत आर्व्हो रडू लागला. गॉर्डला वाटलं आनंदानं रडतोय, म्हणून त्यानं दोनदा भोंगा वाजवला. मग नीट बघितलं तर हे रडणं वेगळं होतं.

"लेका, करंडक जिंकलाय आपण. सुतक असल्यासारखा काय बसलायस?"

"मी सगळं पाहिलं, गॉर्ड. डोळे फाडून पाहिलं. आणि तरी जिंकले."

"मग चांगलंच झालं की."

"मग मी इतकी वर्षं तिथे कोणासाठी शिजत बसलो होतो रे?"

गॉर्डनं फोमचा मासा डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला आणि गाडी चालवत राहिला.

बाकी कोणाला हा प्रश्न पडला नाही. कीगनला तर मुळीच नाही. आठवड्याभरात बसांवरची पाटी बदलली, 'आर्व्होनं पाहिलं, म्हणून आपण जिंकलो', खाली बाटली तीच. टॉवेल जुने झाले, आता आर्व्हो चष्मे निघाले, हिरव्या काड्यांचे. गेल्या आठवड्यापर्यंत याच्या उलट सांगत होतात, असं कोणी म्हणालं नाही. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि चष्मे घेतले.

पुढच्या हंगामाचा पहिला सामना आला. कीगननं आमंत्रण धाडलं होतं, आर्व्होनं पाठ दुखते म्हणून सांगितलं आणि घरी हेल्मीशेजारी बसला. दोन सत्रं झाली. सवयीनं तो उठला, टॉवेलकडे हात गेला, आणि मग कुठे जायचं ते न कळून तसाच उभा राहिला. हेल्मीनं विणकाम खाली ठेवलं, त्याच्या हातातून टॉवेल घेतला आणि मागच्या दाराकडे निघाली.

"तू कुठे?"

"सॉनात. लाकूड मघाशीच घातलंय. संपलं की सांग."

त्या सत्रात स्टर्जन्सनी जे काही केलं ते सांगण्यासारखं नाही. एकामागून एक गोल बसत गेले, करंडकाच्या रात्री जिवाच्या आकांतानं धावणारा तो बावीस नंबरचा पोरगा स्वतःच्याच गोलरक्षकावर आदळला, आणि आर्व्हो एकटा त्या खोलीत खुर्चीचे हात धरून बसून होता. ओरडला तर ऐकायला कोणी नाही, शिवी दिली तर हसायला कोणी नाही, आणि उठून जाताही येईना, कारण शेवट काय झाला ते सांगायचं काम आता त्याच्याकडे होतं. भोंगा वाजल्यावर त्यानं टीव्ही बंद केला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं कॉफी केली, पेला घेऊन अंगणातला बर्फ तुडवत गेला आणि पायरीवर ठेवला. परत मात्र गेला नाही, तिथेच उभा राहिला.

दार उघडलं. वाफेबरोबर हेल्मी बाहेर आली, लालबुंद, निवांत. तिनं पेला पाहिला आणि समजायचं ते समजली.

"हेल्मी," आर्व्हो म्हणाला, "दर वेळी हे असं तू एकटीच बघत होतीस?"

"मग? कोणीतरी बघायला हवं होतं ना," ती म्हणाली. पायरीवर त्याच्यासाठी जागा करून तिनं कॉफीचा घोट घेतला, आणि साखर विसरलास म्हणून सांगितलं.