पुसलेल्या गाडीतून डोळखांबला

डोंबिवलीहून निघण्याआधी आमच्या साडूंनी, म्हणजे विलासरावांनी, गाडी पुन्हा एकदा पुसली. आदल्या संध्याकाळी ती शाम्पूने धुतली होती, सकाळी मऊ फडक्याने चमकवली होती, तरी दारावर कबुतराने काहीतरी कलाकुसर केल्याचा त्यांना संशय होता. पांढरी गाडी इतकी चकाकत होती की तिच्या पत्र्यात मला माझं टक्कल दोन बाजूंनी दिसलं.

बेत साधा होता. विलासरावांच्या ऑफिसातले बळीराम डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर (डोंगरालगतच्या छोट्या वस्तीवर) राहतात. आटगावहून लोकल धरून रोज मुंबईला येतात. त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. जाताना शहापूरवरून जायचं आणि परतताना मुरबाडवरून यायचं, म्हणजे एका दिवसात दोन तालुके पाहून होतील, असं मीच सुचवलं होतं. माझी बायको सुनंदा आणि तिची मोठी बहीण मंगलताई मागे बसल्या. मंगलताई म्हणजे विलासरावांच्या सौभाग्यवती. मी पुढे, विलासरावांच्या शेजारी.

बसल्याबसल्या पट्टा लावायला गेलो, तर खाचेत आधीच एक क्लिप बसवलेली. नुसती क्लिप, पट्टा नाहीच.

"ती काढू नका," विलासराव म्हणाले. "काढली की गाडी टूं टूं करत बसते. डोकं उठतं."

"आणि मागचे पट्टे?"

"ते सीट कव्हरच्या खाली गेले. मागे कोण लावतं हो पट्टा?"

सीट कव्हर मात्र खरोखर देखणं होतं, मरून रंगाचं, सोनेरी दोऱ्याची शिलाई असलेलं. पुढे गणपती होता, अत्तराची कुपी होती, मखमली खोक्यात कागदी रुमाल होते. स्टीअरिंगमागे वेगाचा काटा असतो त्या काचेवर एका कोपऱ्यात हसऱ्या चेहऱ्याचं गोल स्टिकर चिकटवलं होतं. त्याच्या कडेने लाल उजेड झिरपत होता.

"हे काय?"

"एक लाल दिवा सारखा लागतो. सेन्सर खराब झालाय. डोळ्यांना त्रास होतो म्हणून झाकला."

सर्व्हिसिंगचं विचारलं, तर गॅरेजवाले लुटतात, मी स्वतः लक्ष देतो, असं उत्तर मिळालं. ते लक्ष कसं देतात ते मी सकाळपासून पाहतच होतो. फडक्याने.

नाशिक हायवेला लागल्यावर विलासरावांना कंठ फुटला. वाहतुकीची सुरक्षितता हा त्यांच्या आवडीचा विषय. पडघ्याच्या पुढे एका ट्रकच्या मागे बराच वेळ अडकलो, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "बघा त्याचे टायर. गुळगुळीत! असले लोक रस्त्यावर माणसं मारतात. परवाने काढून घेतले पाहिजेत." मंगलताईंनी मागून फक्त एक लांब श्वास सोडला. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी या श्वासावर बरंच भागवलं असावं.

आसनगाव मागे टाकून शहापूरला न्याहारीसाठी थांबलो. बाजारपेठेत गरम भजी आणि जाड काचेच्या ग्लासात चहा मिळाला. भाजीवाल्या बायका वालाच्या शेंगांचे ढीग लावून बसल्या होत्या. चहा घेता घेता माझी नजर आमच्याच गाडीच्या पुढच्या चाकांकडे गेली. हायवेवरच्या त्या ट्रकचे टायर यांच्यापुढे नांगरलेलं शेत म्हणायचे. मी तसं बोलून दाखवलं. विलासरावांनी चाकाला एक लाथ मारली, आवाज ऐकला आणि निकाल दिला, "टणक आहे." चाकाची याहून सखोल तपासणी त्यांच्या शास्त्रात नव्हती.

शेणव्यापासून रस्ता डोंगराकडे वळतो. भात कापून झालेली शेतं, त्यांत उभ्या उडव्या (पेंढ्याच्या रचलेल्या गंजी), मागे सागाचं विरळ रान आणि त्याच्यामागे निळसर दिसणारा सह्याद्री. मी काच खाली केली. वाऱ्यात सुकल्या गवताचा वास होता. थोड्या वेळाने त्यात आणखी एक वास मिसळला, तापल्या पातेल्याचा. मग समोरच्या झाकणाखालून वाफ येऊ लागली.

"ऊन आहे आज," विलासराव म्हणाले. जानेवारी महिना होता.

गाडी कडेला घेतली. आता बॉनेट उघडायचं होतं. विलासरावांनी स्टीअरिंगखाली हात घालून कसलीशी कळ ओढली, तर मागे पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. दुसरी ओढली, तर डिकी उघडली. अखेर मंगलताईंनी खाली वाकून तिसरी कळ शोधली. बॉनेट वर गेलं आणि आत उंदराचं घरटं दिसलं. कापूस, सुतळी आणि सीट कव्हरचा सोनेरी दोरा वापरून छान बांधलेलं.

विलासराव रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, इतक्यात मागून आलेली एक जीप थांबली. जीपच्या पोटात, टपावर आणि मागच्या पायरीवर माणसं होती. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर बसला होता.

"ओ साहेब, हात नका लावू! गरम पानी त्वांडावर यील. निवू द्या जरा," तो ओरडला आणि सुरक्षिततेचा हा सल्ला देऊन, एक पाय हवेत ठेवूनच, निघून गेला.

रस्त्याकडेच्या घरातून एक आजी कळशी घेऊन आल्या. गाडी निवेपर्यंत आम्ही त्यांच्या पडवीत बसलो. "येवडी मोटी गाडी नि पाणी नाय घातला?" त्यांनी विचारलं. विलासराव म्हणाले, तिला साधं पाणी चालत नाही, कूलंट लागतं. "मंग तो घातला काय?" आजींनी विचारलं. यावर विलासराव आकाशाकडे पाहू लागले. शेवटी कळशीतलंच पाणी घातलं आणि पुढे निघालो.

साखरपुडा मात्र झकास झाला. बळीरामच्या अंगणात मांडव होता. मुलगी, दीपाली, नर्सिंग शिकलेली, मुलगा किन्हवलीचा. आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, गावठी कोंबडीचा रस्सा असं आग्रहाने वाढलं. मी मुद्दाम नाचणीची भाकरी मागून घेतली, तर बळीरामची बायको हसून म्हणाली, "पावन्याला नाचनी? लोक काय म्हनतील आमाला?" पण दिली, आणि सोबत सुक्या जवळ्याची चटणीही.

जेवणानंतर मंगलताईंनी गाडीची गोष्ट बळीरामच्या कानावर घातली. इतकंच नाही, तर सगळे पान खात असताना त्यांनी गाडीत जाऊन ते हसरं स्टिकर नखाने खरवडून काढलं होतं. खाली लाल वर्तुळ आणि त्यात उद्गारचिन्ह.

"हे ब्रेकचं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"हँडब्रेकचं आहे ते," विलासराव म्हणाले.

"हँडब्रेक खाली आहे की."

"म्हणूनच म्हणतो, सेन्सर खराब आहे."

बळीराम संकोचाने म्हणाले, "साहेब, आमचा उतार वाईट हाय. गाडी इथंच ऱ्हाऊ द्या. भाचा जीपनं मुरबाडला सोडंल तुमाला. मी मेकॅनिकला घेऊन येतो उद्या." माणसाने किती नम्रपणे जीव वाचवायचा सल्ला द्यावा! पण समोर मांडवभर माणसं होती, आणि त्यांच्या देखत आपली चकचकीत गाडी सोडून जीपमध्ये दाटीवाटीने बसणं विलासरावांना झेपणारं नव्हतं. "चढताना आली ना? मग उतरताना काय होणार आहे?" असं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. आणि आम्ही तिघं बसलो. भिडस्तपणा हाही एक पट्टाच. तो मात्र आम्ही सगळ्यांनी घट्ट लावला होता.

पाड्यावरून खालच्या रस्त्यापर्यंत वळणावळणाचा उतार आहे. विलासराव गाडी वरच्याच गिअरमध्ये ठेवून ब्रेकवर पाय दाबत चालले होते आणि बिरड्यात खोबरं जास्त होतं की बरोबर होतं यावर बोलत होते. जळका वास आला. मग त्यांचं बोलणं मध्येच थांबलं.

"अहो," ते मला म्हणाले, "हे खाली जातंय."

"काय?"

"पेडल. खालीच जातंय!"

त्यांनी पाय वर घेऊन पुन्हा दाबला. गाडीने वेग वाढवून उत्तर दिलं. "गिअर! खालचा गिअर टाका!" मी ओरडलो. त्यांनी हॉर्न दाबला. हॉर्न उत्तम चालू होता. गाडीतली तेवढी एकच वस्तू ते दर दोन मिनिटांनी तपासत असत.

वळण संपलं आणि समोर शाळेच्या मुली दिसल्या. निळ्या गणवेशात, सायकली हातात धरून चढ चढत होत्या, गप्पा मारत. त्यांनी वर पाहिलं. बाकीच्या कडेच्या गवतात उड्या टाकून मोकळ्या झाल्या. एक मात्र सायकल धरून रस्त्यातच उभी राहिली. तिच्या कपाळावरची टिकली मला दिसली, इतकी ती जवळ आली होती.

"शेतात! शेतात घाला!" मंगलताई मागून किंचाळल्या. मी हँडब्रेक ओढला, विलासरावांनी स्टीअरिंग फिरवलं, गाडी तिरकी झाली, काहीतरी कडाडलं, आम्ही बांधावरून उडालो आणि एका उडवीत जाऊन घुसलो. माझं कपाळ काचेवर आपटलं. सुनंदाचा ओठ पुढच्या सीटवर फुटला. पेंढा काचेवरून सावकाश खाली घसरत होता आणि हॉर्न अजून वाजतच होता.

दार ढकलून मंगलताई आधी उतरल्या आणि अनवाणीच रस्त्याकडे धावल्या. मुलगी सायकलसह पडली होती. गुडघा फुटून रक्त येत होतं. सायकलचं मागचं चाक गाडीच्या कोपऱ्याने चेपून टाकलं होतं. ती रडत नव्हती. चाकाकडे बघत राहिली होती. मंगलताईंनी तिला उठवून बसवलं, गुडघा धुतला, साखरपुड्यात मिळालेला नवा रुमाल बांधला. रुमालाची गाठ दोनदा सुटली, तेव्हा ती मुलगीच म्हणाली, "मला जास्त नाय लागलं, काकू."

शेताची मालकीण विळा हातात घेऊनच आली. तिने उडवीकडे पाहिलं नाही. मुलीकडे पाहिलं आणि सरळ विलासरावांसमोर उभी राहिली. "पोरी दिसत नवत्या काय रे तुला?"

विलासरावांना 'अरे-तुरे' करणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नसावं. ते म्हणाले, "ब्रेक अचानक फेल झाले हो."

"अचानक नाही, बाई," मंगलताई म्हणाल्या. "सकाळपासून दिवा लागत होता."

विळा कमरेला खोचून बाई मुलीजवळ जाऊन बसली.

बळीराम धावत आले, त्यांचा भाचा जीप घेऊन आला. मुलीला आधी डोळखांबला दवाखान्यात नेलं. दीपाली सोबत आली. तिने गुडघा हलवून पाहिला, हाड शाबूत असल्याचं डॉक्टरांच्या आधी तिनेच सांगितलं. मुलीला घरी पोचवून, तिच्या आईचं बोलणं मान खाली घालून ऐकून, आम्ही जीपनेच मुरबाडला निघालो. टपावर मोडकी सायकल बांधली होती. आमच्या गाडीला न्यायला मुरबाडहून क्रेन आली.

मुरबाडच्या गॅरेजवाल्याला कामापेक्षा प्रेक्षकांची हौस जास्त होती. चाक काढल्याबरोबर त्याने शेजारच्या पानवाल्याला, टायरवाल्याला हाका मारल्या. "या, बघा! ब्रेकला नुसता लोखंड ऱ्हायलाय!" ब्रेक ऑइल त्याने बाटलीच्या झाकणात ओतून दाखवलं. काळ्या चहासारखं.

"कधी बदललेला?"

"ते बदलतात?" विलासरावांनी विचारलं.

टायरवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. प्रेक्षक खूश आहेत हे बघून गॅरेजवाल्याने मग इंजिनही उतरवावं लागेल, गिअरबॉक्सही खोलावा लागेल, अशी यादी सुरू केली. मंगलताईंनी ती मध्येच तोडली. "इंजिनाचं नंतर बघू. आधी ब्रेक, टायर आणि कूलंट. सीट कव्हर फाडा आणि मागचे पट्टे वर काढा. आणि त्याच्याही आधी शेजारी सायकलचं चाक बसवून घेते. ती मुलगी सोमवारी शाळेत कशी जाणार?"

"कव्हर फाडायचं?" विलासराव कळवळले. दिवसभरात त्यांच्या आवाजात खरी वेदना तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली.

दुरुस्त सायकल बळीरामच्या भाच्याकडे सोपवली आणि आम्ही कल्याणची एसटी पकडली. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे गाडी खच्चून भरलेली. बारवी नदीच्या बाजूचं रान संध्याकाळच्या उन्हात पिवळं झालं होतं. विलासरावांना जरा हुशारी आली आणि त्यांनी मित्राला फोन लावला.

"अरे, काय सांगू! भयानक रस्ते. ब्रेक गेले, पण मी डोकं शांत ठेवलं. बरोबर शेतात घातली गाडी. त्यात या गावच्या पोरी, रस्ता आपल्या बापाचा असल्यासारख्या—"

मंगलताईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "भाऊजी, मी बोलतेय. यांनी ब्रेक कधीच तपासले नव्हते. एक मुलगी मरता मरता वाचली. तुम्हीही तुमची गाडी दाखवून घ्या. ठेवते."

आसपासच्या चार सीटांवरचे लोक वळून बघू लागले. विलासराव दबक्या आवाजात म्हणाले, "सगळं सांगायलाच हवं होतं का?" मंगलताईंनी फोन आपल्याच पर्समध्ये टाकला आणि खिडकीकडे तोंड केलं. या वेळी त्यांनी तो लांब श्वास सोडला नाही.

आता लोक मला विचारतात, डोळखांब कसं आहे? मी मनापासून सांगतो, जाऊन या. थंडीत जा, कापलेली शेतं बघा, नाचणीची भाकरी मागून खा. जाण्याआधी गाडीचे टायर बघा, ब्रेक ऑइल बघा, पाणी बघा, मागचे पट्टे शोधून ठेवा. एवढी सवड नसेल, तर एसटी आहे. कारण तिथल्या उतारावरून तुम्ही खाली येत असता, तेव्हा कोणाची तरी मुलगी शाळेतून वर घरी चाललेली असते.