बांगडीवाल्याच्या घरचे डाग

तीस वर्षं मी बायकांच्या हातांत बांगड्या भरतोय. औंधची जत्रा असू दे न्हाईतर इस्लामपूरचा बाजार, अंगठा कुठं आन् किती दाबायचा ते माझ्या हाताला ठावं हाय. आजवर कुणाला खरचटलं न्हाई. आन् माझ्याच बायकूच्या दंडावर काळेनिळे डाग उठाय लागले!

गिऱ्हाईक बायका कुजबुजाय लागल्या. एरवी 'दाजी, दाजी' करणारा कडेगावचा धाकटा मेव्हणा दुकानात आला आन् माझी कॉलरच धरली. "माझ्या भनीला मारतोस व्हय रं?"

ती आतनं धावत आली. "आरं, बोट बी लावलं न्हाई त्यांनी!"

त्याला पटंना. माझं डोस्कंच फिरलं. म्हटलं, चल सांगलीला, डॉक्टरच सांगतील.

रक्तात प्लेटलेट पार तळाला गेलेल्या. डेंगू म्हणून बघितलं, न्हाई निघाला. गोळ्या दिल्या, त्यांनी तोंड तेवढं सुजलं. शेवटी कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "रक्त तयार करणाऱ्या पेशींतच बदल झालाय. जन्माचा नाही, नंतर आलेला. का आला, सांगता येत नाही. पुढं कॅन्सरकडंही वळू शकतो."

"मग औषध?"

"सध्या लक्ष ठेवायचं. कुठं लागू द्यायचं नाही."

बाहेर बाकड्यावर मेव्हणा रडाय लागला. "दाजी, चुकलं माझं."

"मी मारत असतो तर बरं झालं असतं गड्या," मी म्हटलं. "माझा हात तरी तुला धरता आला असता."

घरी आल्या आल्या तिच्या काचेच्या बांगड्या उतरवल्या. तवापास्नं रोज सकाळी तिचे हात बघतो. दुसरं करणार काय, कप्पाळ! भांडं घासलं तरी नवा डाग असतोच.

परवा मेव्हण्याच्या पोरीचं लग्न निघालं. समद्यांचे हात भरून झाल्यावर ही माझ्यापुढं येऊन बसली. "मोकळ्या हातानं मिरवू व्हय? आवं, घाला की. तुमचा हात हलका हाय."

न्हाई म्हणवलं न्हाई. तिचं माप दोन-चार. मी दोन-आठच्या प्लास्टिकच्या काढल्या, नुसत्या सोडल्या तरी आत जातील अशा. पण तीस वर्षांची मेली सवय! अंगठा दाबलाच गेला.

सांजच्याला तिथं डाग उठला, माझ्या अंगठ्याएवढा. मेव्हण्यानं बघितला. आन् भनीचा पदर त्याच्यावर ओढला.