हलगी तापेपर्यंत

परवा लग्नात कुणीतरी हलगी जाळावर धरली आणि तापल्या कातड्याच्या वासाने मी बाहत्तर सालच्या नगरच्या कॉलेजात पोचलो.

आमच्या आफ्रिकन नृत्यमंडळाचे संस्थापक तिघे: केनियाचा ओमोंडी, शेवगावचा हलगीवाला बारकू आणि नाचता न येणारा मी. ओमोंडी दुसऱ्या दिवशी कायमचा मायदेशी निघणार होता, त्यामुळे गॅदरिंगमधला नाच पहिला आणि शेवटचाच. पाहुणे विश्वबंधुत्वावर इतका वेळ बोलले की थंडीने हलगी सैल पडली.

बारकूने त्यांच्याच भाषणाच्या छापील प्रती पेटवल्या. "दम धर गड्या, तापू दे."

"आमच्या गावातबी असंच तापवत्यात," ओमोंडी जाळाकडे बघत बारकूकडून शिकलेल्या मराठीत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. धुराने, असं मी समजलो.

परवा माझेही भरले. मी तर जाळापासून चांगला लांब उभा होतो.