टेप कुठून धरायची

बाळांनो, आज आपल्या गल्लीत एक्साइजचे साहेब टेप घेऊन आले होते. इथे तीन बार आहेतच. चौथ्याला परवाना हवा, तर त्याचं दार शाळेपासून पुरेसं लांब पाहिजे. मी गॅलरीतून बघत होते. बारमालकाने शाळेकडचं दार विटांनी बुजवून मागच्या बोळात नवं काढलं आहे. टेप वळसा घालून गेली आणि अंतर नियमात बसलं.

नवं दार नेमकं सुमनताईंच्या उंबऱ्यासमोर आलं आहे. त्यांच्या यजमानांनी दिवाळीपासून दारू सोडली आहे.

"साहेब, एकदा माझ्या दारापासून मोजा की," त्या म्हणाल्या.

"ताई, नियमात शाळा आहे, देऊळ आहे. घर नाही."

"घरात देव्हारा आहे माझ्या!"

सगळे हसले, सुमनताईसुद्धा. साहेबांनी टेप गुंडाळली.

मी आयुष्यभर नियमांवर विसंबले. आज नियम अगदी काटेकोर पाळला गेला, आणि मला कुणाला काही म्हणता येईना.

दुपारी सुमनताईंनी यजमानांची दारातली खुर्ची आत नेली आणि एवढ्या उकाड्यात दार लावून घेतलं. पण कडी तर आतल्या बाजूलाच असते, आणि यजमानही आतच.