सहदेवच्या खाडीतला क्ष

कालावलच्या खाडीवर सहदेव तरीची होडी चालवायचा. माणसांना अल्याडहून पल्याड न्यायचं, एवढंच त्याचं काम. शाळेचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. होडी मध्यावर आली की तो काठी थांबवी आणि पाण्यात उतरलेल्या आभाळाकडे बघत राही. घाईतली माणसं चिडायची. तो नुसता हसायचा.

१९५८ साली पल्याडच्या हायस्कुलात नर्मदाबाई गणित शिकवायला आल्या. रोज त्याच्याच होडीतून जात. एका धुकट सकाळी त्या अगदी हिरमुसल्या होत्या.

"काय झाला, बाईनू?"

"मुलांना क्ष कळत नाही, सहदेवकाका. 'क्ष अधिक दोन' म्हटलं की विचारतात, क्ष म्हणजे नक्की किती? कितीही असू शकतो म्हटलं, की वर्ग गप्प."

होडी धुक्यातून आपली आपण सरकत होती. सहदेवने काठी पाण्यात उभी धरली.

"धक्क्याच्या खालच्या पायरेर पाणी कधी इतक्या, कधी तितक्या," तो हळूच म्हणाला. "पण मधल्या खडपार, त्या बुडलेल्या खडकार, त्याच्यापेक्षा दोन हात जास्तच. भरती येवंदे, सुकती येवंदे, ते दोन हात बदलूचे नाय. मगे पायरेवरचा पाणी म्हणजेच तुमचो क्ष मां?"



दुसऱ्या दिवशी बाईंनी आठवीतली सगळी मुलं खाडीवर आणली. काठी बुडवून मोजलं: पायरीशी तीन हात, खडपाशी पाच. दुपारी पाणी उतरलं, तेव्हा एक आणि तीन. हिरा नावाची मुलगी ओरडली, "क्ष बदलता, दोन तसेच रवतत!"

पुढच्या अमावास्येला खाडी इतकी सुकली, की पाणी पायरीच्याही हातभर खाली गेलं. सहदेव गोंधळला.

"आता क्ष खंय गेलो?"

"उणे एक झाला," बाई म्हणाल्या. "उणे एकात दोन मिळवा."

त्याने खडपाशी काठी टाकली. बरोबर एक हात पाणी. तो होडीतच खाली बसला आणि कितीतरी वेळ त्या ओल्या काठीवरून हात फिरवत राहिला.

मग त्याला अक्षरांची ओढ लागली. बाईंकडून तो शिकला, तेही शेवटून: आधी ओळखीचा क्ष, मग ज्ञ, आणि तिथून मागे मागे सरकत. १९६४ साली बाई वेंगुर्ल्याला गेल्या, तेव्हा तो 'क'पर्यंत पोचला होता. स्वर राहिले होते. ते त्याला हिराने शिकवले. तोवर ती स्वतः मास्तरीण झाली होती.