पहिली गाठ पासपोर्टची

हमीदाखालासमोर फोटोला बसलं की ती आधी तुमच्या हातात दोरीचं टोक द्यायची. मासेमारीच्या जाळ्याची हिरवी नायलॉनची दोरी, तीन ठिकाणी गाठी मारलेली. टोक आपण नाकाच्या शेंड्याशी धरायचं आणि खाला दोरी ताणत मागे मागे जायची. पहिल्या गाठीशी थांबली तर पासपोर्टचा फोटो, दुसऱ्या गाठीशी स्थळाला पाठवायचा, तिसऱ्या गाठीशी जोडप्याचा. "चौथी गाठ नाय," ती सांगायची. "त्याच्यापुढं माणूस दिसत नाय, नुसते कपडे दिसतात."

मी ती दोरी पहिल्यांदा धरली तेव्हा तिसरीत होते. शाळेच्या ओळखपत्राला फोटो हवा होता आणि अनोळखी माणूस समोर आला की मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. दोन स्टुडिओंतून मिटलेले डोळे घेऊन परतल्यावर आईने मला रत्नागिरीच्या मच्छी मार्केटवरच्या गल्लीत आणलं. खालाने टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घट्ट धर हां. तू सोडलीस तर मी मागे पडेन." एवढी मोठी बाई आपल्यामुळे पडायला नको म्हणून मी डोळे फाडून तिच्याकडे बघत राहिले. त्या ओळखपत्रावर मी नुकताच दरोडा बघितल्यासारखी दिसते; पण डोळे उघडे आहेत.

स्टुडिओ तिच्या नवऱ्याने काढलेला. पुरुषांचे फोटो तो काढायचा, बायकांचे ती. गल्फला नवऱ्याकडे निघालेल्या, हजला चाललेल्या बायका परक्या पुरुषासमोर ओढणी मागे सारायला तयार नसत, म्हणून लग्नानंतर वर्षभरात त्याने तिला कॅमेरा शिकवला. त्या जुन्या कॅमेऱ्याच्या रिंगेवरचे अंतराचे आकडे पुसून गेले होते. नवऱ्याने रिंगेवर नेलपॉलिशचे तीन ठिपके दिले आणि दोरीला तीन गाठी मारल्या. पुढे कॅमेरे आपलं आपण फोकस करायला लागले, नवरा वारला, मुलगा जुबैर बहारीनला गेला; दोरी मात्र राहिली. मी एकदा विचारलं, आता तिचं काय काम? खाला म्हणाली, "कॅमेऱ्याला नको असंल गो. माणसाला लागते. हात रिकामे असले की माणूस घाबरतं."

फोटोंचे ती दोनच प्रकार मानायची. बटन दाबलं की फोटो निघतो, हा एक. त्यात माणूस आलं, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारचा फोटो असला की ती प्रिंट कापताना हळू आवाजात म्हणायची, "आली." मग ती बाई कितीही तिरळी असो, गालावर देवीचे वण असोत, खालाच्या दृष्टीने विषय संपला.

दोन वर्षांपूर्वी जुबैरने आईला कायमचं बहारीनला बोलावून घ्यायचं ठरवलं. सगळे कागद जमले, अडलं फक्त व्हिसाच्या फोटोपाशी. चेहरा पूर्ण, कान दिसलेले, मागे पांढरं, असं एजंटाने सांगितलं होतं. परक्या पुरुषासमोर खाला ओढणी मागे घेणार नव्हती, आणि आमच्या भागात बायकांचे फोटो काढणारी बाई म्हणजे खुद्द खालाच. तिने टायमर लावून बघितला. "तो लाल दिवा लुकलुकायला लागला," ती म्हणाली, "की बॉम्ब फुटायची वाट बघत असल्यासारखं तोंड होतं माझं. असलं तोंड बघून कुठला देश आत घेईल?" शेजारणीला मोबाईलवर काढायला लावला तर म्हणाली, "मोबाईलवर बिर्याणीचा फोटो काढतात."

मग तिने मला गाठलं. मी घरून ऑनलाइन काम करते, ज्यात कॅमेरा बंद ठेवता येतो, आणि उरलेला वेळ भाट्याच्या खाडीवर पक्ष्यांचे फोटो काढते. हातभर लांब लेन्स लावून, चिखलात, तासन् तास. खालाने मला एकदा तिथे उभं असलेलं पाहिलं आणि त्या दिवसापासून मी तिच्यासाठी बगळी झाले.

"काय गो बगळे, माणसांचे फोटो का काढत नायस?"

"पक्षी काही विचारत नाहीत."

"बरोबर हाय. आणि उडून जातात. माझा व्हिसाचा फोटो तू काढायचास."

मला जमणार नाही, मी म्हटलं. तिने ते ऐकलं नाही, कारण तिचं लक्ष माझ्या मोबाईलकडे होतं. त्यात एका वर्कशॉपची जाहिरात उघडी होती: पाच दिवस, राजस्थानातल्या वाळवंटातून प्रवास, माणसांचे चेहरे टिपायला शिका. फॉर्म इंग्रजीत होता आणि भरताना कोणाशी बोलावं लागत नव्हतं, त्यामुळे मी तो धीराने भरून टाकला होता. आता तो रद्द कसा करायचा, एवढंच मी शोधत होते.

"दोन नावं घाल," खाला म्हणाली.

त्या संध्याकाळी जुबैरचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते. "अम्मी, एका फोटोसाठी जैसलमेर? इथं पण वाळवंटच आहे. रोज दाखवीन."

"तिथं आले की राहायचंय," खाला म्हणाली. "हे बघून परत यायचं हाय."

माझी आई मला एकटीला जवळच्या लांज्यापर्यंत सोडायची नाही. पण खाला आहे म्हटल्यावर तिने डबासुद्धा बांधून दिला. निघताना खालाने अट घातली. वर्कशॉपच्या शेवटच्या दुपारी प्रत्येकाने एक फोटो दाखवायचा होता, ज्यात माणूस तुमच्याकडे बघतोय आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. "तिथं नापास झालीस तर मी तुझ्यासमोर बसायची नाय," खाला म्हणाली. "मग मी बहारीनला जात नाय. आणि ते जुबैरला तू सांगायचं, मी नाय." जुबैरला फोनवर काही समजावून सांगण्यापेक्षा मी वाळवंट पायी ओलांडलं असतं.

वाळवंट पहिल्यांदा दिसलं तेव्हा आमची मिनीबस थांबली आणि आठांतल्या सात जणांनी कॅमेरे सरसावले. खालाने गॉगल वर केला, चहूकडे पाहिलं आणि उंटवाल्याला विचारलं, "भैया, भरती कितने बजे आती है?" तो बावरला. "एवढी मोठी ओहोटी मी बघितली नव्हती," ती मला म्हणाली. "आपल्या मिरकरवाडा बंदरावरचे लोक इथं आले तर आधी होड्या शोधतील."

उंटावर मात्र ती बसली नाही. एक उंट उठताना तिने नीट पाहिला. "हे जनावर आधी मागून उठतंय, मग पुढून. कसं उठायचं हे ज्याचं त्यालाच ठरत नाय, त्याच्यावर मी कुठं बसू?" जुबैरने पाठवलेले पांढरेशुभ्र बूट घालून ती सगळीकडे चालत गेली. ओढणीत वाळू आणि पर्समध्ये आंबापोळी.

वर्कशॉपवाले सर पुण्याचे होते, अंगात दहाबारा खिशांचं जाकीट. माणूस सज्जन, पण त्यांना मिशा फार आवडायच्या. प्रत्येक गावात ते एक भरघोस मिशांचा म्हातारा शोधायचे, त्याला दारात बसवायचे, दूर बघायला सांगायचे, आणि आम्ही आठ जण टकटक टकटक. पहिल्या ढाणीतल्या, म्हणजे वाळवंटातल्या वस्तीतल्या, म्हाताऱ्याला एवढी सवय होती, की आमची बस थांबल्या थांबल्या तो आपणहून दूर बघायला लागला. खालाने कमरेवर हात ठेवले. "काय बघतोय तो? तिकडं काय नाय." मग तिने पर्समधून दोरी काढली, टोक म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि नाकाकडे बोट दाखवलं. म्हातारा गडबडला. दोरीकडे, खालाकडे, परत दोरीकडे बघता बघता त्याचं दूर बघणं संपलं, आणि चारच दात असलेला एक मिस्कील माणूस समोर आला. खाला पहिल्या गाठीशी थांबली आणि बटन दाबलं. "आलं," ती पुटपुटली. सरांनी तो फोटो बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "छान आहे, पण हा पासपोर्ट साईज वाटतो." "हां," खाला म्हणाली, "आता कुठंही जाऊ दे त्याला."

माझी तऱ्हा वेगळीच होती. मी लांब लेन्स लावून खेजडीच्या झाडाआड उभी राहायचे. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांचे फोटो लॅपटॉपवर लावले. माझ्या फोटोंत अकरा पाठी होत्या, पायांचे तीन जोड, घागर घेतलेला एक हात आणि एक बोकड. सर सभ्यपणे म्हणाले, "यात एक प्रकारचं अंतर आहे." मागून खालाचा आवाज आला, "बोकड चांगला आलाय. त्यानं तरी बघितलंय तिच्याकडं."

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी लांब लेन्स गायब होती. खालाने ती आपल्या बॅगेत सोड्यांच्या चटणीच्या डब्याशेजारी ठेवून कुलूप लावलं होतं. "चटणी संपली की मिळंल," ती म्हणाली. माझ्या कॅमेऱ्याला तिने छोटी लेन्स लावायला सांगितली आणि दोरी माझ्या खांद्यावर टाकली.

आम्ही एका ढाणीत होतो. पाण्याच्या टाक्याशेजारी एक बाई शेळ्या बांधत होती, साधारण माझ्याच वयाची, डोळ्यांपर्यंत पदर. खाला दहा पावलांवर एका खाटेवर पाठ करून बसली. "मी बघत नाय," तिने जाहीर केलं आणि आंबापोळी खायला लागली.

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत मी स्टेजवर चढून तशीच दुसऱ्या बाजूने उतरले होते. त्या बाईसमोर तेच झालं. बसमध्ये पाठ केलेलं हिंदी वाक्य गेलं, इंग्रजी तर केव्हाच गेलं. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, तिने मान हलवली, आणि मी नुसतं दोरीचं टोक पुढे केलं. तिने दोरी पाहिली, मला पाहिलं, शेजारच्या शेळीला पाहिलं. मग टोक मनगटाभोवती गुंडाळून शेळीला ओढतात तसा एक झटका दिला. दुसरं टोक माझ्या हाताला बांधलेलं. मी दोन पावलं पुढे धडपडले, पहिल्या गाठीच्याही आत, आणि ती हसायला लागली. पदर मागे सरकला. मी बटन दाबलं.

स्क्रीनवर स्वतःला बघून तिने मला ओढतच जावेकडे नेलं. तिचं नाव केसर. मी विचारलं तेव्हा तिने माझंही विचारलं, आणि मी कधी नव्हे ते पहिल्याच वेळी ऐकू येईल असं सांगितलं.

खालाने तो फोटो डोळ्यांजवळ धरला. "कपाळ कापलंय, कान एकच हाय, दात सगळे. व्हिसावाले हाकलून देतील." मग तिने कॅमेरा मला परत दिला. "पण आली."

शेवटच्या दुपारी मी आठ माणसांसमोर उभी राहून म्हटलं, "ही केसर." त्यापुढे मला काही सुचलं नाही, पण सर म्हणाले, पुरे आहे. खालाने लेन्स परत दिली. लेन्सला अजून सोड्यांचा वास येतो.

रत्नागिरीला आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने मला स्टुडिओत बोलावलं. पांढरा पडदा धुऊन इस्त्री केलेला. तिने दार आतून लावलं, ओढणी कानांमागे घेतली आणि त्या स्टुलावर बसली. ज्या स्टुलावर तिने गावातल्या निम्म्या बायका बसवल्या, त्यावर ती स्वतः कधी कोणासमोर बसलीच नव्हती. बसल्याबरोबर तिच्या तोंडावर तोच बॉम्ब आला. आणि ती बोलायला लागली. लाईट जरा खाली घे. तिरकी उभी राहू नको. पडद्याला चुणी पडलेय बघ.

"खाला," मी म्हटलं, "गप बस."

आयुष्यात मी हे कोणाला म्हटलं नव्हतं. खाला गप बसली. मी दोरीचं टोक तिच्या हातात दिलं आणि मागे गेले. पहिली गाठ. "हनुवटी खाली," मी तिचीच वाक्यं म्हणायला लागले. "नजर माझ्याकडं. श्वास सोड." बॉम्ब हळूहळू उतरला. कॅमेऱ्यातून हमीदाखाला माझ्याकडे बघत होती, कान दिसत होते, मागे पांढरं होतं. सगळं एजंटाने सांगितल्यासारखं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की हा फोटो चांगला आला तर ती जाणार. हात किंचित हलला तरी धूसर येईल. कागद परत येतील, फोटो पुन्हा काढावा लागेल, तोवर महिना जाईल, पाऊस लागेल, कागदांच्या तारखा उलटतील. माझं बोट बटनावर थांबलं.

"मुद्दाम हलवू नको हां," खाला नाकाशी दोरी धरून म्हणाली. "मला इकडं कळतंय."

"मी नाही हलवत."

"मग कोण हलवतंय?"

दोरी खरंच थरथरत होती. माझा हात मी छातीशी घट्ट धरला, तरी ती थरथरत राहिली. मग मी तिच्या बोटांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"काढ लवकर," ती म्हणाली. "दोघींनी असं केलं तर गाठ सरकंल."

मी तिला दोरी खाली घ्यायला सांगितली, श्वास सोडला आणि बटन दाबलं. आठ प्रती काढल्या. खालाने स्वतः कापल्या. पहिली कापून झाल्यावर कात्री थांबली. मी वाट बघत होते. तिने तो चौकोन उजेडात धरला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आली गो," आणि उरलेल्या सात भराभर कापून टाकल्या. बहारीनला निघताना कॅमेरा तिने जुबैरसाठी घेतला, दोरी मला दिली. "तिथं लाईट चांगली असते म्हणतात. दोरी कशाला?"

व्हिसा पहिल्या झटक्यात मिळाला. बहारीनला गेल्यावर तिथल्या ओळखपत्रासाठी कुठल्याशा मशीनसमोर तिचा फोटो निघाला. तो तिने मला पाठवला, खाली एक ओळ: बघ, मला धरायला काय दिलंच नाय.

स्टुडिओ आता बंद आहे. गेल्या आठवड्यात आमच्या ओट्यावर एक मुलगी येऊन उभी राहिली, बरोबर तिची आई. मुलीला दुबईला नवऱ्याकडे जायचं होतं. "हमीदाखालाने फोनवर सांगितलं, तुमच्याकडे दोरी आहे," आई म्हणाली. माझ्या तोंडून 'नाही' निघणारच होतं. मुलीने ओढणीचं टोक दोन्ही हातांनी पिळून पिळून पार दोर केला होता. मी आत गेले, पांढरी चादर आणली, दार लावलं, तिला खुर्चीवर बसवलं. हिरवं टोक तिच्या हातात दिलं.

"आता काय करू?" तिने विचारलं.

"घट्ट धर," मी म्हटलं. "तू सोडलीस तर मी मागे पडेन."